पायथनहोम: आधी पुसा, मग गरज आहे का बघा, मगच सेट करा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हळदीचे सौदे संपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या एका पायथन स्क्रिप्टमधून छापून निघतात. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम असा साधा हिशोब. ती स्क्रिप्ट मीच लिहून दिली आहे. एका संध्याकाळी तिने मान टाकली. स्क्रिप्टच्या एका ओळीलाही कुणी हात लावला नव्हता. झालं होतं एवढंच की घरातल्या कॉलेजच्या मुलाने प्रोजेक्टसाठी त्याच मशीनवर पायथनची दुसरी आवृत्ती टाकली आणि सिस्टिम सेटिंगमध्ये ‘पायथनहोम’ नावाचं एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती नाव आणि किमतीची जोडी) भरून ठेवलं. दाराशी शेतकरी थांबलेले, प्रिंटर गप्प, आणि पडद्यावर कुणालाच न समजणारी एरर.

विश्रामबाग, मिरज, कुपवाड इथून लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडेही मी वारंवार हेच बघतो. व्हेरिएबल तेच, चूकही तीच. बहुतेकांनी आधी जावाहोम सेट केलेलं असतं, हडूपच्या प्रॅक्टिकलला हडूपहोम सेट केलेलं असतं. मग पायथनलाही ‘होम’ लागत असणार असं धरून चालतात. पायथनला ते लागत नाही. स्वतःचं घर ते स्वतः शोधतं. तुम्ही पायथनहोम दिलंत की ते शोधणं थांबवतं आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं. तुमचा शब्द चुकीचा निघाला की ते उभंच राहत नाही.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. घोटाळे बहुतेक वेळा क्रम मोडल्यामुळे होतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. पायथनहोम हे नाव इंग्रजीत सलग दहा कॅपिटल अक्षरांचं आहे. मध्ये जागा नाही, अंडरस्कोअर नाही. ‘पायथन अंडरस्कोअर होम’ असं लिहिलेलं व्हेरिएबल पायथन वाचतच नाही. जावाहोमच्या सवयीने कितीतरी जण ते तसं लिहितात.

## हात लावण्याआधी: तीन नावांतला फरक

पाथ, पायथनहोम आणि पायथनपाथ या तिघांची सरमिसळ हेच सगळ्या चुकांचं मूळ आहे.

लग्नघरात आचारी कोणता बोलवायचा हे पाथ ठरवतं. म्हणजे तुम्ही नुसतं ‘पायथन’ टाइप केल्यावर कोणती फाइल चालू होणार, ते. आचारी आल्यावर कोठीची खोली कुठे आहे हे पायथनहोम सांगतं. म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी (पायथनबरोबरच येणाऱ्या तयार कोडच्या फाइली) कुठून घ्यायची, ते. आणि शेजारच्या घरातूनही आणखी सामान आणून ठेवलंय, तिकडेही बघा, हे पायथनपाथ सांगतं.

आचारी बदलायचा असेल तर कोठीची खोली बदलून उपयोग नाही. ‘मला ३.८ ऐवजी ३.११ चालवायचं आहे’ म्हणून पायथनहोम बदलणारा माणूस नेमकं हेच करत असतो. आचारी जुनाच येतो आणि कोठी मात्र दुसऱ्याची उघडली जाते.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ही भिंतीवरची पाटी नव्हे, की बदलली की सगळ्यांना लगेच दिसेल. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून सगळ्या व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते. नंतर तुम्ही सेटिंग बदललं तरी कमांड प्रॉम्प्टची किंवा टर्मिनलची आधीच उघडी असलेली काळी खिडकी जुनीच प्रत धरून बसते. पायथन पायथनहोम वाचतं ते फक्त सुरू होताना, एकदाच.

## पायरी १: आत्ता काय आहे ते लिहून घ्या

काहीही पुसण्याआधी किंवा बदलण्याआधी सध्याची स्थिती कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत घ्या. दुकानाच्या मशीनवर मी हे कधीच चुकवत नाही, कारण काही बिघडलं तर परत येण्याची वाट तीच असते.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा:

    सेट पायथन

‘पायथन’ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स एकदम दिसतील. अशी व्हेरिएबल्स नसतील तर ती सापडली नाहीत असा संदेश येईल, आणि तो शुभ समजा. लिनक्सवर:

    एन्व्ह | ग्रेप -आय पायथन

आता मशीनवर पायथन किती आहेत ते बघा. विंडोजमध्ये ‘व्हेअर पायथन’, लिनक्सवर ‘विच -ए पायथन३’. विंडोजवर पाय लाँचर (हवी ती आवृत्ती निवडून पायथन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर ‘पाय -०पी’ ही कमांड आवृत्ती आणि जागा दोन्ही दाखवते. या यादीत ‘विंडोजॲप्स’ फोल्डरमधलं एखादं पायथन दिसलं तर दचकू नका. पायथन इन्स्टॉल नसेल तेव्हा तुम्हाला स्टोअरकडे नेणारा तो एक दुवा असतो. मात्र तो यादीत सर्वांत वर असेल तर गोंधळ घालतो. सेटिंगमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये जाऊन तो बंद करता येतो.

सावध: ‘पायथन --व्हर्जन’ने नीट उत्तर दिलं म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. लायब्ररी शोधण्याच्या आधीच ही कमांड आवृत्ती छापून मोकळी होते. पायथनहोम पूर्ण चुकीचं असलं तरी तिचं उत्तर बरोबरच येतं.

## पायरी २: दोष व्हेरिएबलचा की इन्स्टॉलचा?

या एका तपासणीने माझे कित्येक तास वाचवले आहेत. पायथनला मोठ्या ‘ई’चा पर्याय देऊन चालवा:

    पायथन -ई -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.प्रीफिक्स)"

यातला ‘ई’ कॅपिटल हवा. प्रीफिक्स म्हणजे पायथनने आपलं घर म्हणून धरलेला फोल्डर. हा पर्याय दिला की ‘पायथन’ने सुरू होणाऱ्या सगळ्या व्हेरिएबल्सकडे पायथन दुर्लक्ष करतं.

आता तीच कमांड ‘-ई’ काढून पुन्हा चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

‘-ई’ने चालतं आणि त्याशिवाय चालत नाही, तर दोष व्हेरिएबलचा आहे. पुढे जा. ‘-ई’नेही चालत नसेल तर इन्स्टॉलच मोडलं आहे. पायथनहोम लावून ते दुरुस्त होणार नाही, पायथन काढून पुन्हा टाका. दोन्हींत चालतं पण प्रीफिक्स वेगळं दिसतं, तर व्हेरिएबल काम करतंय, फक्त ते तुम्हाला हवं होतं का हा प्रश्न उरतो.

‘पायथन पाथ कॉन्फिगरेशन’ अशी ओळ असलेली लांबलचक एरर आली असेल तर घाबरून खिडकी बंद करू नका. त्या ओळीच्या लगेच खाली पायथनहोमची किंमत छापलेली असते, किंवा ‘नॉट सेट’ असं लिहिलेलं असतं. अर्धं निदान तिथेच होतं.

एक सापळा इथेच सांगतो. लायब्ररी सापडली नाही की पायथन कधी कधी स्वतःच सुचवतं की पायथनहोम सेट करण्याचा विचार करा. ती ओळ वाचून मुलं ते सेट करतात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. कुणीतरी पायथनची एक्झी फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, किंवा आधीच एक चुकीचं पायथनहोम भरलेलं असतं.

## पायरी ३: जुनं पुसा

नवीन किंमत भरण्याआधी जुनी पूर्ण काढायची. ‘वरूनच बदलतो’ म्हणू नका.

विंडोजच्या स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्न्मेंट’ शोधा आणि व्हेरिएबल्सची खिडकी उघडा. तिच्यात दोन चौकटी असतात. वरची तुमच्या युजरची, खालची सगळ्या सिस्टिमची. दोन्ही बघा. एकच नाव दोन्हीकडे असेल तर युजरची किंमत जिंकते. त्यामुळे खालचं काढून वरचं राहिलं की ‘काढलं तरी येतंय’ अशी तक्रार होते. पाथ या नावाला मात्र हा नियम लागू नाही. त्यात सिस्टिमचं आधी आणि युजरचं मागाहून असं दोन्ही जोडलं जातं.

सावध: काढण्यासाठी ‘सेटएक्स’ कमांडमध्ये रिकामे अवतरण देऊ नका. त्याने व्हेरिएबल जात नाही, रिकामं होऊन उरतं. पायथन रिकाम्या किमतीकडे दुर्लक्ष करतं हे खरं, पण पुढच्या माणसाला ते नाव दिसतं आणि तो त्यात काहीतरी भरतो. खिडकीतून ‘डिलीट’च करा.

लिनक्सवर चालू टर्मिनलपुरतं ‘अनसेट पायथनहोम’ पुरेसं आहे. पण ते पुन्हा येत असेल तर ते कुठूनतरी भरलं जातंय. होम फोल्डरमधली बॅशआरसी, प्रोफाइल आणि ईटीसीमधली एन्व्हायर्न्मेंट ही फाइल, या तिन्हींत शोधा.

पुसून झालं की सगळ्या काळ्या खिडक्या बंद करा. व्हीएस कोड वापरत असाल तर त्यातलं फक्त टर्मिनल बंद करून भागत नाही. ते टर्मिनल आपली प्रत व्हीएस कोडकडून घेतं, म्हणून त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडा.

तपासा: नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एको %पायथनहोम%’ टाइप करा. टक्क्याच्या चिन्हांसकट तेच शब्द जसेच्या तसे परत आले तर व्हेरिएबल गेलं. एखादा फोल्डर छापला गेला तर अजून कुठेतरी आहे.

बहुतेकांचं काम इथेच संपतं. स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघा. चालली तर पुढच्या दोन पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत, थेट सहाव्या पायरीवर जा.

## पायरी ४: खरंच गरज आहे का?

पायथनहोमची खरी गरज थोड्याच प्रसंगी पडते. सी भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम पायथनला पोटात घेऊन चालतो आणि त्याची एक्झी लायब्ररीपासून दूर ठेवलेली असते, तेव्हा. किंवा एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर त्याचं स्वतःचं पायथन येतं आणि ते बाहेरून चालवायचं असतं, तेव्हा.

दुसऱ्या प्रसंगाचं आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण म्हणजे क्यूजीआयएस, हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर. कृष्णेच्या पुराचे नकाशे करणारी मुलं आयर्विन पुलाजवळची पातळी घेतात, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, आणि त्यानुसार कुठला भाग पाण्याखाली जाईल ते दाखवतात. त्यांना क्यूजीआयएसच्या लायब्ररी आपल्या स्क्रिप्टमधून वापरायच्या असतात. विंडोजवर क्यूजीआयएस आपलं पायथनहोम स्वतःच्या बॅच फाइलमध्ये (ओळीने कमांड लिहून ठेवलेल्या फाइलीत) सेट करतं, म्हणजे ते त्या एका प्रोसेसपुरतंच राहतं. ही पद्धत योग्य आहे. मुलं मात्र तोच फोल्डर उचलून सिस्टिम व्हेरिएबलमध्ये चिकटवतात, आणि मशीनवरची बाकी सगळी पायथन आडवी होतात. असं करू नका. क्यूजीआयएसच्या बिन फोल्डरमध्ये ‘पायथन-क्यूजीआयएस’ नावाची बॅच फाइल असते, तिच्यातूनच स्क्रिप्ट चालवा.

बाकी गरजांसाठी दुसरी साधनं आहेत. वेगळी आवृत्ती हवी असेल तर त्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा किंवा पाय लाँचरला आवृत्ती सांगा. प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवायच्या असतील तर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (त्या प्रोजेक्टपुरता पायथनचा वेगळा फोल्डर) करा. पायस्पार्कने कोणतं पायथन घ्यावं हे सांगायला ‘पायस्पार्क अंडरस्कोअर पायथन’ हे वेगळं व्हेरिएबल आहे. स्वतःच्या चार मोड्यूल फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील तर पायथनपाथ. त्यात अनेक फोल्डर देता येतात, विंडोजवर मध्ये अर्धविराम आणि लिनक्सवर कोलन. नसलेला फोल्डर दिला तर पायथन चूपचाप पुढे जातं, तक्रार करत नाही. त्यामुळे तिथली स्पेलिंगची चूक सापडायला वेळ लागतो.

## पायरी ५: बरोबर फोल्डर शोधा, आणि एका प्रोसेसपुरतंच द्या

गरज पक्की झाली असेल तर आता सगळ्यांत नाजूक भाग. या पायरीवर घाई नको.

कोणता फोल्डर द्यायचा हे डोळ्यांनी अंदाजाने ठरवायचं नाही, पायथनलाच विचारायचं. जे पायथन चालवायचं आहे त्याचा पूर्ण पत्ता देऊन ‘-ई’सकट दुसऱ्या पायरीतली कमांड चालवा, पण प्रीफिक्सऐवजी ‘सिस.बेस_प्रीफिक्स’ छापा. आलेलं उत्तर हीच पायथनहोमची किंमत. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये नुसतं प्रीफिक्स त्या एन्व्हायर्न्मेंटचा फोल्डर दाखवतं, आणि स्टँडर्ड लायब्ररी तिथे नसते. म्हणून बेस प्रीफिक्स.

तरी डोळ्यांनी खातरजमा कशी करायची तेही सांगतो. विंडोजवर पायथनहोमच्या फोल्डरमध्ये ‘लिब’ नावाचा फोल्डर थेट दिसला पाहिजे, आणि त्या लिबमध्ये ‘ओएस.पीवाय’ ही फाइल. पायथन.एक्झीचा पत्ता देऊ नका. स्क्रिप्ट्स फोल्डर देऊ नका. लिबचाही पत्ता देऊ नका, लिब ज्याच्या पोटात आहे तो फोल्डर द्या. एकट्या युजरसाठी केलेलं इन्स्टॉल ॲपडेटाच्या आत लोकल, प्रोग्रॅम्स, पायथन, पायथन३११ असं खोलवर असतं. सगळ्यांसाठी केलेलं प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतं.

लिनक्सवर याच ठिकाणी सर्वांत जास्त चुका होतात. लायब्ररी ‘/यूएसआर/लिब/पायथन३.११’मध्ये असते, पण पायथनहोम मात्र फक्त ‘/यूएसआर’. पुढचं ‘लिब’ आणि आवृत्ती पायथन स्वतः जोडतं. तुम्ही ‘/यूएसआर/बिन’ दिलंत तर ते ‘/यूएसआर/बिन/लिब/पायथन३.११’ शोधायला जातं आणि हात हलवत परत येतं.

आवृत्ती जुळली पाहिजे हे तर सर्वांत महत्त्वाचं. ३.११ला ३.८चं घर चालत नाही. लिनक्सवर फोल्डरच्या नावातच आवृत्ती असल्यामुळे चूक लगेच उघडी पडते, ‘एन्कोडिंग्ज’ नावाचं मोड्यूल सापडत नाही म्हणून पायथन सुरूच होत नाही. विंडोजवर फोल्डरचं नाव नुसतं ‘लिब’. त्यामुळे ३.११ बिनदिक्कत ३.८च्या लिबमध्ये शिरतं, थोडं चालतं, आणि मग भलत्याच ठिकाणी कोसळतं. अडत दुकानात असंच झालं होतं. ‘एसआरई मोड्यूल मिसमॅच’ अशी एरर आली होती, आणि मी अर्धा तास पट्टीच्या हिशोबातली चूक शोधत बसलो. ही एरर दिसली की रेग्युलर एक्स्प्रेशनकडे बघू नका. एका आवृत्तीच्या पायथनला दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी मिळाली आहे असं समजा.

आता किंमत भरायची. सिस्टिम व्हेरिएबलमध्ये नाही, युजर व्हेरिएबलमध्येही नाही. ज्या कामाला लागतं त्या कामाच्या बॅच फाइलमध्ये:

    @एको ऑफ
    सेटलोकल
    सेट "पायथनहोम=डी:\अडत\पायथन३११"
    "डी:\अडत\पायथन३११\पायथन.एक्झी" "डी:\अडत\पट्टी.पीवाय"
    एंडलोकल

‘सेटलोकल’मुळे ही किंमत बॅच संपली की जाते. अवतरणचिन्हं नाव आणि किंमत दोन्हींना मिळून बाहेरून आहेत, हे नीट पाहा. बरोबर चिन्हानंतर अवतरण सुरू केलंत तर अवतरणसुद्धा किमतीचा भाग होतं आणि फोल्डर सापडत नाही. अवतरण अजिबात दिलं नाही आणि ओळीच्या शेवटी एक जागा राहिली, तर ती जागाही किमतीत जाते. ही न दिसणारी जागा शोधण्यात भल्याभल्यांची संध्याकाळ गेली आहे. बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंनाही जागा सोडायची नाही. फोल्डरच्या शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवू नका.

लिनक्सवर हेच एका ओळीत होतं. आधी ‘पायथनहोम=/ऑप्ट/पायथन३११’, मग एक जागा, मग पायथनचा पूर्ण पत्ता आणि स्क्रिप्ट. ‘एक्स्पोर्ट’ लिहिलं नाही तर ते त्या एका कमांडपुरतंच राहतं, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे.

सावध: चालू असलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘ओएस.एन्व्हायरॉन’मधून पायथनहोम बदलून त्या स्क्रिप्टचं घर बदलत नाही. ती वेळ सुरू होतानाच गेलेली असते. बदल दिसेल तो तिने पुढे सुरू केलेल्या प्रोग्रॅमना.

याचीच दुसरी बाजू जास्त त्रास देते. पायथनहोम घेऊन सुरू झालेली स्क्रिप्ट ‘सबप्रोसेस’ने दुसरं पायथन सुरू करते, तेव्हा ते व्हेरिएबलही वारशाने जातं आणि ते दुसरं पायथन पडतं. उपाय असा. ओएस.एन्व्हायरॉनची ‘कॉपी’ करा, त्या प्रतीतून ‘पॉप’ने पायथनहोम काढा, नसलं तर एरर येऊ नये म्हणून पॉपला दुसरी किंमत ‘नन’ द्या, आणि ती प्रत सबप्रोसेसच्या ‘एन्व्ह’ला द्या. पूर्ण रिकामी डिक्शनरी मात्र देऊ नका. विंडोजवर सिस्टिमरूटसारखी व्हेरिएबल्सही त्यातून निघून जातात आणि भलतेच प्रॉब्लेम उभे राहतात.

## पायरी ६: आपोआप चालणाऱ्या कामात तपासा

हाताने चालतं, पण रात्री आपोआप चालत नाही. ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिचं एक कारण व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये दडलेलं आहे.

तुम्ही ‘ॲक्टिव्हेट’ चालवता तेव्हा ती स्क्रिप्ट पायथनहोम असलंच तर तात्पुरतं बाजूला काढून ठेवते आणि ‘डीॲक्टिव्हेट’ केल्यावर परत लावते. म्हणून तुमच्या समोर सगळं सुरळीत चालतं. ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारे विंडोजवरचा टास्क शेड्युलर किंवा लिनक्सवरचा क्रॉन मात्र ॲक्टिव्हेट न करता त्या एन्व्हायर्न्मेंटमधलं पायथन थेट चालवतात. तसं चालवणं बरोबरच आहे, ॲक्टिव्हेटची सक्ती नाही. पण मशीनवर चुकीचं पायथनहोम पडून असेल तर तिथे ते बाजूला काढणारं कुणी नसतं. उपाय तिसऱ्या पायरीतलाच, मुळातलं व्हेरिएबल पुसा. ते शक्य नसेल, मशीन दुसऱ्याचं असेल, तर कमांडमध्ये मोठा ‘ई’ घाला.

टास्क शेड्युलरच्या खिडकीत व्हेरिएबल भरायला जागाच नाही. म्हणून टास्कमध्ये पायथन न देता पाचव्या पायरीसारखी बॅच फाइल द्या. ‘स्टार्ट इन’च्या चौकटीत फोल्डर लिहा, पण अवतरणाशिवाय, नाहीतर टास्क सुरूच होत नाही. टास्क ‘सिस्टिम’ अकाउंटवर चालत असेल तर तुमची युजर व्हेरिएबल्स त्याला दिसणार नाहीत. विंडोज सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या कामासाठी सिस्टिम व्हेरिएबल बदललं असेल तर मशीन एकदा रीस्टार्ट करा.

लिनक्सवर क्रॉनला अगदी मोजकी व्हेरिएबल्स मिळतात, बॅशआरसी त्याच्या वाट्याला येत नाही. क्रॉनटॅबच्या वर स्वतंत्र ओळीत नाव आणि किंमत लिहिता येते, पण तिथे डॉलर चिन्ह लावून दुसरं व्हेरिएबल जोडलं तर ते उलगडत नाही. पूर्ण पत्ता लिहा. सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट=’ अशी ओळ असते. ‘सुडो’ साधारणपणे तुमची व्हेरिएबल्स पुसूनच पुढे जातं, म्हणून सुडोने चाललं आणि साध्या युजरने चाललं नाही असंही होतं. तो परवानगीचा प्रश्न वाटतो. आधी व्हेरिएबल बघा, मग परवानगी.

तपासा: आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत सिस.एक्झिक्युटेबल, सिस.प्रीफिक्स आणि ओएस.एन्व्हायरॉनमधली पायथनहोमची किंमत एका लॉग फाइलीत लिहा. बॅचमधून येणारं आउटपुट आणि एरर दोन्ही त्याच फाइलीत वळवा, कारण पायथन सुरूच झालं नाही तर स्क्रिप्टची पहिली ओळही चालणार नाही आणि लॉग रिकामाच राहील.

## पायरी ७: स्वतःच्या स्क्रिप्टला घर द्यायचं असेल तर

कित्येकांना मुळात हेच हवं असतं. स्क्रिप्टचा डेटा घरच्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये, लॅबमध्ये दुसऱ्याच ड्राइव्हवर, आणि प्रत्येक वेळी कोडमध्ये पत्ता बदलायचा कंटाळा. त्यासाठी ते पायथनहोम किंवा पायथनपाथ वापरतात. या कामासाठी स्वतःचं वेगळं नाव घ्या, उदाहरणार्थ ‘पूर_होम’. नाव ‘पायथन’ने सुरू करू नका, पुढे त्या नावाचं काहीतरी पायथनमध्येच निघू शकतं. नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ठेवा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतं.

वाचताना क्रम असा ठेवा. ‘ओएस.एन्व्हायरॉन.गेट’ने किंमत घ्या. चौकटी कंसाने घेतलीत तर व्हेरिएबल नसताना ‘कीएरर’ येते आणि वापरणाऱ्याला काही कळत नाही. मग ‘स्ट्रिप’ने पुढच्या-मागच्या जागा काढा. रिकामी किंमत आणि नसलेली किंमत या दोन्हींना सारखंच वागवा आणि अशा वेळी स्क्रिप्ट स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तो धरा. मग ‘पाथलिब’च्या पाथमध्ये टाकून ‘एक्स्पँडयुजर’ करा, कारण लाटेसारखं चिन्ह शेल उलगडतं, पायथन आपणहून उलगडत नाही. शेवटी ‘इझ_डिर’ने तो फोल्डर खरंच आहे का ते बघा.

नसेल तर तिथेच थांबा, आणि संदेशात व्हेरिएबलचं नाव आणि मिळालेली किंमत दोन्ही छापा. किंमत अवतरणात छापा, म्हणजे शेवटची चुकून राहिलेली जागा डोळ्याला दिसते. नसलेला फोल्डर गुपचूप तयार करू नका. मी एकदा तशी सोय करून दिली होती. स्पेलिंग चुकल्यावर स्क्रिप्टने नवा रिकामा फोल्डर केला, त्यातच दिवसाचा हिशोब लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी कालच्या पट्ट्या कुठे गेल्या म्हणून दुकानात सगळे हवालदिल.

हे वाचन स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकाच फंक्शनमध्ये करा. दहा ठिकाणी ओएस.एन्व्हायरॉन वाचू नका.

## दुसऱ्या भाषांत

आर भाषेत आरहोम आहे. लिनक्सवर आरची सुरुवातीची स्क्रिप्ट ते स्वतःच ठरवते, आणि तुमची किंमत वेगळी निघाली तर ती सोडून देत असल्याचा इशारा छापते. रुबी आणि पर्लमध्ये लायब्ररीच्या जागा जोडायला रुबीलिब आणि पर्ल५लिब आहेत. ते पायथनपाथच्या जातीचे आहेत, घर बदलत नाहीत. टीसीएलमध्ये टीसीएल अंडरस्कोअर लायब्ररी चुकलं तर ‘इनिट.टीसीएल’ सापडत नाही अशी एरर येते. टीकेइंटरची (खिडक्या बनवायच्या पायथनच्या लायब्ररीची) खिडकी उघडताना पायथनमध्येही हीच एरर दिसू शकते, तेव्हा पायथनहोमबरोबर हेही नाव तपासा. क्रम सगळीकडे तोच, आधी बघा, पुसा, त्या भाषेच्या दुभाष्यालाच पत्ता विचारा.

## अडलात तर

एन्कोडिंग्ज मोड्यूल सापडत नाही: पायथनहोममधला फोल्डर चुकीचा. पाचव्या पायरीतली लिब आणि ओएस.पीवायची खातरजमा करा.

पिप चालत नाही पण पायथन चालतं: पिपची एक्झी दुसऱ्याच पायथनची असणार. ‘पायथन -एम पिप’ असं चालवा.

काहीही बदललं तरी फरक पडत नाही: विंडोजवरचं छोटं, झिपमधून येणारं एम्बेडेबल पायथन असेल तर त्याच्या शेजारी ‘._पीटीएच’ने संपणारी फाइल असते. ती असताना पायथन ही व्हेरिएबल्स वाचतच नाही. फोल्डर त्या फाइलमध्येच लिहावे लागतात.

अडत दुकानातल्या मशीनवर आता पायथनहोम कुठेच नाही. त्या मुलाचं ३.८ त्याच्या स्वतःच्या युजरमध्ये आहे, पट्टीची स्क्रिप्ट ३.११चा पूर्ण पत्ता घेऊन बॅचमधून चालते, आणि त्या बॅचमध्ये पायथनच्या पत्त्यानंतर एक मोठा ‘ई’ आहे.